बालकांची हाडे आणि आपली रोजची पेये

“मूल दूध घेत नाही; पण चहा मात्र आवडीने पिते,” असे बेला-जैनथकडील अनेक माता सहजपणे सांगतात. बालरोगतज्ज्ञाला हे वाक्य चिंतेचे वाटते. हाडांची बहुतांश घनता विशीपर्यंतच साठते. ती संधी पुन्हा येत नाही.

चहा : ७ ते ९ वर्षांच्या मुलास रोज ६५० मि.ग्रॅ. कॅल्शियम लागते. पेलाभर (२०० मि.लि.) दुधातून सुमारे २४० मि.ग्रॅ. मिळते, कपभर चहातील पळीभर दुधातून जेमतेम ३५. कॅफीनमुळे होणारा कॅल्शियमचा ऱ्हास अल्प असतो. खरी हानी दुधाची जागा चहाने घेतल्यामुळे होते. शिवाय जेवणासोबतचा चहा लोहाचे शोषण रोखतो.

शीतपेये : अमेरिकेतील फ्रॅमिंगहॅम येथील २००६ च्या अभ्यासात नियमित कोला पिणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याच्या हाडांची घनता कमी आढळली. कार्यकारणभाव सिद्ध नसला, तरी त्या बाटलीत पोषण नाही, हे निश्चित.

पाणी : सर्वाधिक प्यायले जाणारे पेय हेच, आणि त्याकडेच आपले दुर्लक्ष होते. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील आदिलाबाद, यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात फ्लोराइड प्रमाणाबाहेर आहे. मर्यादा लिटरला १.५ मि.ग्रॅ. आहे. त्याहून अधिक फ्लोराइड दीर्घकाळ पोटात गेल्यास प्रथम दातांवर डाग पडतात, पुढे सांधे व पाठीचा कणा ताठर होतो. नलगोंडा जिल्ह्यात १९७० च्या दशकात हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या संशोधकांनी मुलांचे गुडघे आत वळल्याचे नोंदविले. कॅल्शियमची उणीव असलेल्या मुलांत ही विकृती अधिक तीव्र होते. वाकलेली हाडे औषधाने सरळ होत नाहीत. म्हणून प्रतिबंध हाच उपाय. पाणी उकळल्याने फ्लोराइड जात नाही, उलट त्याचे प्रमाण किंचित वाढते, हे ध्यानात ठेवावे.

काय करावे?
१) कूपनलिकेचे पाणी तपासून घ्यावे. २०१६ साली आरंभ झालेल्या मिशन भगीरथ योजनेचे नळाचे पाणी उपलब्ध असल्यास पिण्यास व स्वयंपाकास तेच वापरावे.
२) लहान मुलांस चहा देऊ नये.
३) दूध न रुचल्यास ताक द्यावे, अथवा ताकातली नाचणीची आंबील. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मि.ग्रॅ. कॅल्शियम असते.
४) रोज काही वेळ मुलांना उन्हात खेळू द्यावे.

वैद्यकीय बंधु-भगिनींना एकच विनंती : पाय दुखतात म्हणून मूल आले, तर टॉनिक लिहिण्यापूर्वी त्याचे दात पाहावेत आणि “पाणी कुठले पिता?” एवढे अवश्य विचारावे.