तयार मॉड्यूल घेतलं, मग माझं काय?

प्रश्न : मी सौंसरजवळच्या गावात राहतो, पॉलिटेक्निकला आहे. संत्र्याच्या बागेतला ओलावा मोजून मोटर चालू-बंद करणारं यंत्र बनवतोय. त्यात ईएसपी३२ हे तयार प्रोसेसर मॉड्यूल बसवलंय. मित्र म्हणतात, ‘हे विकतचं, तू काय बनवलंस?’ सुटी चिप आणून सगळं स्वतःच करायला हवं का?

उत्तर : अजिबात नको. तुमचं ईएसपी३२ मॉड्यूल नीट न्याहाळा. आकार १८ बाय २५.५ मिलिमीटर, टपाल तिकिटाएवढा. पत्र्याच्या टोपणाखाली प्रोसेसर, फ्लॅश मेमरी आणि ४० मेगाहर्ट्झचा क्रिस्टल. टोकाला तांब्याची नागमोडी रेघ आहे, ती अँटेना. तिची लांबी जराशी चुकली तरी पल्ला घसरतो, आणि ते तपासायची उपकरणं विद्यार्थ्याच्या खिशाला झेपणारी नाहीत. शिवाय रेडिओ असलेल्या वस्तूला दूरसंचार विभागाची मान्यता लागते; मान्यता मिळालेलं मॉड्यूल घेतलं की ते काम पुष्कळ सोपं होतं.

तयार प्रोसेसर घेणं कमीपणाचं असतं तर ‘परम’ महासंगणक उभाच राहिला नसता. अकोला जिल्ह्यातल्या मुरंब्याचे विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली पुण्याच्या सी-डॅकने १९९१ मध्ये परम ८००० घडवला, तो इंग्लंडच्या इनमॉस कंपनीचे ट्रान्सप्युटर प्रोसेसर घेऊन. प्रोसेसर विकतचे होते. ते एकमेकांना जोडून सगळ्यांकडून मिळून एक गणित करवून घेणं, ही कर्तबगारी इथली.

तुमची कर्तबगारी बागेत आहे. आंबिया बहारासाठी झाडाला ताण देताना पाणी कधी तोडायचं, कधी सोडायचं, हे मॉड्यूलला काय ठाऊक? काळी भारी जमीन वरून भेगाळते, तरी खाली ओल धरून असते. सेन्सर किती खोल पुरायचा, हे घरच्या जाणत्यांना विचारूनच ठरवा.

आणि स्टार्टर सांभाळा. माझ्या पहिल्या बोर्डाने मोटर बंद केली की स्टार्टरमधल्या काँटॅक्टरच्या कॉइलमधून व्होल्टेजचा झटका यायचा, प्रोसेसर रीसेट व्हायचा आणि मोटर पुन्हा सुरू. रात्रभर हाच खेळ. कॉइलला समांतर रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी लावली, तेव्हा कुठे थांबला. वाय-फाय चालू असताना मॉड्यूल क्षणभर भरपूर करंट ओढतं, म्हणून ३.३ व्होल्टचा पुरवठा किमान ५०० मिलिअँपिअरचा ठेवा. अँटेनाच्या खाली बोर्डावर तांबं नको, आणि डबा लोखंडी तर नकोच.

पुढे हजारोंनी यंत्रं विकायची वेळ आली, तर सुट्या चिपचा हिशेब जरूर मांडा. तोवर एकच काळजी घ्या : हे मॉड्यूल किती वर्षं मिळत राहील, हे कंपनीच्या कागदपत्रांत बघून मगच बोर्ड छापायला टाका.

यंदाच्या मे महिन्यात डबा बागेत लावून बघा. मॉड्यूल ८५ अंशांपर्यंत चालतं, पण सौंसरकडच्या उन्हात बंद डब्याच्या आत बाहेरपेक्षा कितीतरी जास्त तापतं. झाडाच्या सावलीत टांगा आणि आत एक थर्मामीटर ठेवा.