पाण्याचा जमाखर्च

वाण्याच्या दुकानात एक वही असते. एका बाजूला जमा, दुसऱ्या बाजूला खर्च. रात्री दुकान बंद करताना तो शिल्लक मोजतो, मगच झोपतो. आपणही घरात धान्याची कणगी बघून ठरवतो, की एवढे पायलीभर विकायचे आणि एवढे पुढच्या सुगीपर्यंत ठेवायचे.

पण गावच्या पाण्याची वही कोण ठेवतो? बहुतेक गावांत कोणीच नाही. दिवाळीत विहिरी तुडुंब असतात, म्हणून सगळे हात सैल सोडतात. होळीला बादली तळाला लागते. मग टँकरची वाट बघायची, आणि हंडे रांगेत लावून भांडायचे. त्या रांगेत उभ्या असतात त्या बायका. मोटार सुरू करणारा पुरुष त्या रांगेत क्वचितच दिसतो.

ही वही कशी मांडावी, ते या धड्यात आम्ही सांगणार आहोत. हिशेब थोडा आहे, पण घाबरू नका. बेरीज, वजाबाकी, गुणाकार येतो त्याला जमेल.

आधी जमा बाजू. पाऊस मिलिमीटरात मोजतात. एक मीटर लांब, एक मीटर रुंद अशा जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, तर तिथे १ लिटर पाणी पडले असे समजावे. एका हेक्टरात, म्हणजे सुमारे अडीच एकरांत, अशा १०,००० जागा बसतात. तेव्हा हेक्टराला १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १०,००० लिटर पाणी. एवढे पाठ करून ठेवा.

आता समजा, एक गाव आहे. शिवार १,००० हेक्टर. माणसे २,०००. गाई, बैल, म्हशी मिळून १,००० जनावरे. वर्षाचा पाऊस ४०० मिलिमीटर, म्हणजे दुष्काळी पट्ट्यातला. गुणाकार करून पाहा. गावावर ४०० कोटी लिटर पाणी पडले!

पिण्याला किती लागते? जल जीवन मिशनच्या नळयोजनांत माणशी रोज ५५ लिटर धरतात. २,००० माणसांना वर्षाला सुमारे ४ कोटी लिटर झाले. जनावराला रोज ४० लिटर धरले, तर गुरांचे दीड कोटी. म्हणजे साडेपाच कोटीत सगळा गाव आणि सगळी गुरे भागतात. आणि पडले किती? ४०० कोटी. मग उन्हाळ्यात टँकर का येतो?

इथेच खरी मेख आहे. पडलेले सगळे पाणी हाती लागत नाही. बरेचसे उन्हावाऱ्याने उडून जाते, काही पिके आणि गवत पितात, काही ओढ्याने वाहून जाते. आपला महाराष्ट्र बहुतांशी काळ्या पाषाणाचा. त्यात पाणी जेमतेम मुरते. ढोबळमानाने दहावा हिस्साच भूगर्भात जाऊन विहिरींना लागतो. तेव्हा आपल्या गावाची खरी जमा ४० कोटी. त्यातून माणसांचे आणि गुरांचे साडेपाच कोटी बाजूला ठेवा. शेतीला उरले सुमारे ३४ कोटी.

आता हे ३४ कोटी कसे जातात ते पाहा. पाटाने पाणी दिले, तर एक हेक्टर ऊस सुमारे २ कोटी लिटर पाणी पितो. म्हणजे १७ हेक्टर ऊस, सुमारे ४२ एकर, लावला की गावचे शेतीचे पाणी संपले. चार-पाच घरांचाच ऊस! तेच पाणी हरभऱ्याला दिले तर? हरभऱ्याच्या एका पाळीला हेक्टरी सुमारे ६ लाख लिटर लागतात. दोन पाळ्या दिल्या, तर २८० हेक्टर हरभरा निघतो. म्हणजे ७०० एकर. आणि ४२ एकरांच्या वर आणखी पाच एकर ऊस लावला, तर? गावाला वर्षभर प्यायला लागते, जवळजवळ तेवढे पाणी त्या पाच एकरांत जाईल.

उसाशी आमचे वैर नाही. कालव्याच्या, भरपूर पाण्याच्या मुलखात तो शोभतो. पण चारशे मिलिमीटरच्या गावात तो शेजाऱ्याच्या हंड्यातले पाणी पितो, हे स्पष्ट बोलले पाहिजे. लोक म्हणतात, "विहीर माझी, मोटार माझी, बिल मी भरतो." खरे आहे. पण झरा कुणाचा? तो बांध बघून वाहत नाही. म्हणूनच सार्वजनिक पिण्याच्या विहिरीपासून ५०० मीटरच्या आत दुसरी विहीर खणू नये, असा कायदा महाराष्ट्रात १९९३ साली झाला.

हे सगळे करून दाखवणारे गाव आहे. हिवरे बाजार, जिल्हा अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीचे अहमदनगर. पाऊस बेताचा, माळ उजाड, लोक कामासाठी गाव सोडून जात. १९८९ साली गावाने पोपटराव पवार यांना सरपंच केले. लोकांनी श्रमदान केले. डोंगरावर चर खणले, बांध घातले, कुऱ्हाड आणि मोकाट चराई बंद केली. अशी कामे पुष्कळ गावांत झाली. हिवरे बाजारचे वेगळेपण पुढच्या पायरीत आहे. शेतीसाठी बोअर घ्यायची नाही, ऊस-केळी लावायची नाही, असे त्यांनी ठरवले. पावसाळा संपला की पडलेला पाऊस आणि विहिरींची पातळी ग्रामसभेपुढे मांडतात. माणसांचे आणि गुरांचे पाणी आधी बाजूला काढतात. उरेल त्यावर रब्बीची पिके ठरवतात. पाऊस कमी, तर गव्हाचा हट्ट धरत नाहीत. पोपटरावांना पुढे पद्मश्री मिळाली. पण ज्यांनी आपल्याच रानात ऊस लावला नाही, त्यांचे मोल आम्हांला कमी वाटत नाही.

आता खर्चातून परत मिळणारे पाणी. घरात आलेल्या दहा बादल्यांपैकी सुमारे आठ मोरीतून बाहेर जातात. आंघोळीचे आणि भांड्यांचे पाणी परसातल्या केळीला, शेवग्याला द्यावे, नाहीतर शोषखड्ड्यात मुरवावे. संडासाचे पाणी त्यात मिसळू देऊ नये, आणि शोषखड्डा पिण्याच्या विहिरीपासून लांब असावा. शहरांनी याहून मोठी मजल मारली आहे. नागपूरचे सांडपाणी शुद्ध करून कोराडीच्या वीजकेंद्राला देतात, म्हणजे तेवढे चांगले पाणी वाचते. आफ्रिकेत नामिबिया देशाची राजधानी विंडहोक आहे. तिथे १९६८ सालापासून सांडपाणी शुद्ध करून पिण्याच्या पाण्यात मिसळतात. ऐकून नाक मुरडू नका. तिथला मुलूख वाळवंटाचा. पण ते काम मोठ्या यंत्रांचे आणि रोजच्या तपासणीचे आहे. घरी करून पाहू नये.

एक अडचण राहिली. पाऊस आता लहरी झाला आहे. लातूरचेच पाहा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या गाडीत ५ लाख लिटर होते. आणि त्याच वर्षी पावसाळ्याच्या शेवटी त्याच भागात पूर आले! तेव्हा वहीत दोन पाने ठेवा. एक कमी पावसाचे: त्या साली कोणते पीक सोडायचे, कोणत्या विहिरी पिण्यासाठी राखायच्या, हे आधीच लिहा. दुसरे अतिपावसाचे: विहिरीचा कठडा उंच आहे का, ओढ्याचे पाणी आत शिरेल का, टीसीएल पावडर शिल्लक आहे का. पुरानंतर ती पावडर योग्य मापाने टाकून झाल्याशिवाय विहिरीचे पाणी पिऊ नये. हे काम जलसुरक्षकाकडून करून घ्यावे.

वही मांडण्याची वेळ म्हणजे ऑक्टोबर, रब्बीची पेरणी होण्याआधी. एकदा बी जमिनीत गेले, की कुणी ऐकत नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणा निवडक विहिरींची पातळी वर्षातून चार वेळा मोजते. आपल्या भागाचे आकडे ग्रामसेवकाकडून मागवून घ्यावे.

करून पाहा:

तुमच्या गावचे शिवार किती हेक्टर? माणसे किती, गुरे किती? गेल्या पावसाळ्यात पाऊस किती मिलिमीटर पडला? वरच्यासारखा हिशेब पाटीवर मांडा. मग गावातला ऊस किती एकर आहे, ते विचारून त्याच्याखाली लिहा. पाटी पुढच्या ग्रामसभेला बरोबर न्या.