घंटेचा नाद

कोल्हापुरातील श्रीअंबाबाईच्या मंदिरास उत्तरेकडून जे द्वार आहे, त्यास घाटी दरवाजा असे म्हणतात. तेथील मोठ्या घंटेचा नाद दूरवर ऐकू जातो आणि घरात बसलेल्या वृद्धासही पूजेची वेळ कळते. दूरच्या माणसास वार्ता देणे हा घंटेचा धर्मच होय. परंतु जी घंटा दूरच्यास साद घालते, तीच जवळच्याच्या कानठळ्या बसविते.

समजा, एखाद्या शाळेला लागूनच एक घर आहे आणि त्या घरात एक रुग्ण अंथरुणास खिळलेला आहे. तासातासाला घंटा होते व तो दचकून जागा होतो. घंटा बंद करावी, तर शाळेचा क्रम बिघडतो. वाजू द्यावी, तर रुग्णाची झोप मोडते. या पेचातून सुटण्यासाठी नाद कसा निर्माण होतो, हे प्रथम जाणून घेतले पाहिजे.

घंटा बहुधा कांशाची असते. सुमारे ४ भाग तांबे व १ भाग कथील यांच्या मिश्रणातून हा कठीण धातू तयार होतो. आतील लोलकाचा टोला बसताच घंटेची कड वेगाने कंप पावू लागते. प्रथम तीक्ष्ण खणखणाट होतो आणि मग गुंजारव बराच वेळ रेंगाळतो. या दोहोंवर उपायही दोन आहेत.

कठीण लोलक घंटेस क्षणमात्र स्पर्श करून परततो. अशा आघाताने उंच स्वर उसळतात व तेच कानास बोचतात. लोलकाच्या टोकास चामड्याची पट्टी गुंडाळली, म्हणजे स्पर्श किंचित अधिक काळ टिकतो. उंच स्वर दबतात आणि खालचा गंभीर स्वर तेवढा उरतो. चपलांसाठी प्रसिद्ध असलेल्या कोल्हापुरात असा चामड्याचा तुकडा मिळण्यास कितीसा वेळ लागणार! जेथे हातोड्याने टोले देतात, तेथे पट्टी हातोड्यास बांधावी. इंग्लंडमधील चर्चमध्ये शोकप्रसंगी लोलकाच्या एकाच बाजूस चामडे बांधण्याची प्रथा आहे. त्यामुळे एक टोला स्पष्ट व दुसरा त्याच्या प्रतिध्वनीसारखा मंद ऐकू येतो.

रेंगाळणारा गुंजारव थांबविण्यासाठी मात्र कडेकडे वळावे लागते. वाजत्या घंटेच्या माथ्यावर हात ठेवला, तर नादात फारसा फरक पडत नाही, कारण तेथे कंप थोडा असतो. कडेस हात लावताच नाद मावळतो. भजनातील टाळकरी दोन्ही टाळ एकमेकांवर दाबून झंकार थांबवितो, तोही याच नियमाने. म्हणून कडेस आतून लोकरीच्या कापडाची अरुंद पट्टी चिकटविली, की गुंजारव लवकर विरतो.

तथापि पट्ट्यांवर पट्ट्या चढविल्या, तर घंटा मुकीच होईल. यास्तव एक पातळ पट्टी लावून घंटा वाजवून पाहावी. एकाने शाळेच्या शेवटच्या वर्गात उभे राहावे, दुसऱ्याने रुग्णाच्या घरी जाऊन ऐकावे. वर्गात टोला स्पष्ट पोहोचला आणि रुग्णाची झोप मोडली नाही, म्हणजे काम साधले. शेजाऱ्याच्या घरी जाऊन ऐकण्याची ही तसदी जो घेतो, त्यालाच घंटा किती वाजवावी हे खरे कळते.

स्वाध्याय
१. लोलकास चामडे बांधल्याने कोणते स्वर दबतात? का?
२. घंटेच्या माथ्यास व कडेस हात लावल्यास काय फरक पडतो?
३. तुमच्या शाळेची घंटा किती दूरपर्यंत ऐकू जाते, ते पाहून पाच वाक्ये लिहा.