जखमेचा दाखला

परवा रात्रीच्या वर्गात एका आजीबाईंनी विचारले, "गुरुजी, आमचे मालक फौजेत होते. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली. त्यांचे कागद पेटीत तसेच पडलेत. वाळवी लागायची एखाद्या दिवशी. टाकून देऊ का?"

मी म्हणालो, "आजी, थांबा. आधी एका शिपायाची गोष्ट ऐका. मग तुम्हीच ठरवा."

ती गोष्ट दूरच्या अमेरिका देशातली आहे. पण ती आपल्यालाही उपयोगी आहे, म्हणून येथे लिहितो.

अमेरिकेत शत्रूच्या हातून जखमी झालेल्या सैनिकाला एक पदक देतात. त्याचे नाव 'पर्पल हार्ट', म्हणजे जांभळे हृदय. पदकाचा आकार हृदयासारखा असतो. रंग जांभळा, कड सोनेरी. मधोमध जॉर्ज वॉशिंग्टन यांचा चेहरा असतो. वॉशिंग्टन हे त्या देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्याआधी ते स्वातंत्र्याच्या लढाईत सेनापती होते. ७ ऑगस्ट १७८२ रोजी त्यांनी साध्या शिपायांच्या गौरवासाठी जांभळ्या कापडाचे हृदय सुरू केले. पुढे ते मागे पडले. २२ फेब्रुवारी १९३२ रोजी वॉशिंग्टन यांच्या जन्माला दोनशे वर्षे झाली. त्या दिवशी ते पदकाच्या रूपाने पुन्हा सुरू झाले.

या पदकाची एक गोष्ट ध्यानात ठेवा. शौर्याच्या पदकाला वरिष्ठांची शिफारस लागते. जांभळ्या हृदयाला ती लागत नाही. तो जखमी माणसाचा हक्कच आहे. मात्र तीन गोष्टी सिद्ध व्हाव्या लागतात. जखम शत्रूमुळे झालेली असावी. तिला डॉक्टरी उपचार लागलेले असावेत. आणि त्या उपचारांची नोंद असावी. ताप आला किंवा साध्या अपघातात हात मोडला, तर हे पदक मिळत नाही.

आता एक शिपाई डोळ्यांपुढे आणा. वय वीस वर्षे. १९५० साली कोरिया देशात युद्ध पेटले. ते १९५३ पर्यंत चालले. हा शिपाई तेथे लढायला गेला. (आपल्या भारताने तेथे लढणारे सैन्य पाठवले नाही. पण ६० वी पॅराशूट फील्ड अँब्युलन्स ही डॉक्टरी तुकडी पाठवली. तिने पुष्कळ जखमींची सेवा केली.)

एके दिवशी तोफगोळ्याचा तुकडा शिपायाच्या मांडीत घुसला. तंबूतल्या डॉक्टरांनी तो काढला, पट्टी बांधली. धामधुमीत त्याच्या फायलीत नोंद करायची राहून गेली. शिपाई पुन्हा मोर्चावर गेला. लढाई संपली, तो घरी आला. "जीव वाचला, हेच पुष्कळ. पदक कशाला?" असे म्हणून गप्प बसला. शेती केली, मुले वाढवली. म्हातारा झाला. मग एक दिवस नातवाने विचारले, "आजोबा, हा व्रण कशाचा?" आजोबांनी सगळे सांगितले. नातू म्हणाला, "मग तुमचं पदक कुठं आहे?"

म्हाताऱ्याने अर्ज केला. त्याला पैसा नको होता. आपण सांगतो ते खरे आहे, एवढे सरकारने म्हणावे, असे त्याला वाटत होते.

पण फायलीच जळालेल्या होत्या! १२ जुलै १९७३ रोजी सेंट लुईस शहराजवळ, सैनिकांचे कागद ठेवलेल्या सरकारी इमारतीला आग लागली. एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख फायली गेल्या. १९१२ ते १९६० या काळात भूसेनेतून सुटलेल्या सैनिकांच्या दर शंभर फायलींपैकी सुमारे ऐंशी खाक झाल्या. त्यांच्या दुसऱ्या प्रती कोठेही नव्हत्या.

मग काय करायचे? दुसरे पुरावे शोधायचे. पलटणीच्या रोजच्या अहवालात कोण हजर, कोण जखमी, कोण इस्पितळात हे लिहिलेले असते. पगाराची कागदपत्रे असतात. इस्पितळात दाखल झालेल्यांच्या याद्या असतात. शेजारी लढलेला सोबती जिवंत असेल, तर तो साक्ष लिहून देतो. आणि शिपायाने तेव्हा आईला लिहिलेले पत्र! 'आई, पायाला लागले आहे, काळजी करू नकोस.' आईने ते जपून ठेवले असेल, तर तेही पुरावा म्हणून जोडता येते.

नोंदीतली चूक दुरुस्त करण्यासाठी त्या देशात मंडळे आहेत. १९४६ च्या कायद्याने ती झाली. चूक कळल्यापासून तीन वर्षांत अर्ज करावा, असा नियम आहे. पण न्यायासाठी उशीर माफ करता येतो. सैनिक वारला असेल, तर घरचे लोक अर्ज करू शकतात.

कधी अर्ज मंजूर होतो, कधी परत येतो. परत आला म्हणजे म्हातारा खोटे बोलला, असे नव्हे. व्रण खरा होता, पण कागदाने साक्ष दिली नाही, एवढेच.

आपल्या देशातही शत्रूशी लढताना जखमी झालेल्यांसाठी पराक्रम पदक आहे. ते १९७३ साली सुरू झाले. आपल्या गावागावांत फौजी आहेत. म्हणून सांगतो: फौजेतून सुटल्याचा कागद, इस्पितळाचे कागद आणि जुनी पत्रे जपा. त्यांची नक्कल काढून दुसऱ्या ठिकाणी ठेवा. कोठे, कधी, कोणासमोर काय घडले, ते वेळीच लिहून ठेवा. वाचल्याशिवाय कोणत्याही कागदावर सही करू नका, अंगठा उठवू नका.

दुसऱ्या दिवशी आजीबाई फडक्यात बांधलेले पुडके घेऊन आल्या. कागद पिवळे पडले होते. मी वाचायला हात पुढे केला. त्या म्हणाल्या, "थांबा गुरुजी, मी वाचते." त्यांनी बोट ठेवून एकेक अक्षर लावले. ते त्यांच्या मालकांचे नाव होते.

सांगा पाहू :
१. जांभळ्या हृदयाला शिफारस का लागत नाही?
२. फायली जळाल्यावर कोणकोणते पुरावे उपयोगी पडतात?
३. तुमच्या घरी जपून ठेवावेत असे कोणते कागद आहेत? त्यांची यादी स्वतःच्या हाताने लिहा.