चौदाव्याआधीचा तेरावा

॥ श्रीगुरुदेव दत्त ॥

दत्तभक्ताच्या घरात संकट आलं की गुरुचरित्राचा चौदावा अध्याय काढला जातो. कितीतरी घरी तो नित्य वाचनात असतो. जुन्या पोथ्या पाहाव्यात, चौदाव्याची पानं हाताळून मऊ पडलेली असतात. त्याच्या अलीकडचा तेरावा मात्र बहुधा सप्ताहापुरताच वाचला जातो. त्यातून शिरूर-दौंडकडच्या माणसाला 'तेरावा' म्हटलं की दुष्काळातला तेरावा महिनाच आठवतो! पण मन खचलेल्या माणसाला काय करावं, कसं सावरावं, याचा पाठ या तेराव्यातच आहे. चौदावा समजून घ्यायचा तर तेराव्यातूनच जावं लागतं. श्रीदत्तजयंतीच्या निमित्ताने तो पाठ आपण नीट पाहू.

कथा वाचकांना ठाऊक आहे, तरी उजळणी करू. श्रीनृसिंह सरस्वती कारंजाला मातापित्यांना भेटून गोदातीरी येतात. वासर ब्रह्मेश्वर, म्हणजे आजच्या तेलंगणातलं बासर, तिथे नदीकाठी एक ब्राह्मण पोटशुळाने तळमळत असतो. अन्न पोटात गेलं की कळा सुरू, म्हणून तो पंधरवड्याने, महिन्याने कधीतरी जेवत असे. शेवटी अन्नच आपलं वैरी, आपण भूमीला भार, असं त्याच्या मनाने घेतलं आणि तो जीव द्यायला नदीकडे निघाला. श्रीगुरूंनी त्याला पाहिलं, शिष्यांकरवी परत आणवलं, जीव देणं हे पाप आहे असं सांगितलं आणि दुःख काय ते विचारलं. तेवढ्यात सायंदेव नावाचा एक अधिकारी स्नानाला आला. श्रीगुरू त्याला म्हणाले, याला घरी ने आणि पोटभर मिष्टान्न घाल. सायंदेव घाबरला. याने अन्न खाल्लं तर हा मरेल आणि ती हत्या माझ्या माथी येईल, असं त्याला वाटलं. श्रीगुरूंनी त्याला अभय दिलं. त्याने श्रीगुरूंनाही भिक्षेला बोलावलं, सगळे जेवले आणि ब्राह्मणाची व्यथा गेली.

आता यातला क्रम पाहा.

पहिली गोष्ट, त्याला परत आणलं. उपदेशाच्या आधी माणूस काठावरून मागे आला पाहिजे. आपल्या घरातला कोणी गप्प गप्प झाला, 'मी कशाला जगतोय' असं बोलू लागला, तर ते बोलणं हसण्यावारी नेऊ नये आणि त्याला एकटं ठेवू नये. 'असं बोलू नये हं' म्हणून विषय बदलण्यापेक्षा जवळ बसून सरळ विचारावं, जिवाचं बरंवाईट करायचं मनात येतं का? विचारल्याने तो विचार डोक्यात भरतो, ही समजूत चुकीची आहे. उलट बोलायला वाट मिळते.

दुसरी गोष्ट, विचारलं आणि ऐकून घेतलं. श्रीगुरू तर अंतर्ज्ञानी, त्यांना काय ठाऊक नव्हतं? तरी त्यांनी त्याच्या तोंडून ऐकलं. आपण मात्र समोरच्याचं अर्धं वाक्य होत नाही तोच 'अरे, आमच्या वेळी याहून वाईट होतं' असं सुरू करतो.

तिसरी गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. श्रीगुरूंनी त्याला एवढी पारायणं कर, एवढे उपास कर असं सांगितलं नाही. कोणत्या पापाचं हे फळ म्हणून त्याला झाडलंही नाही. त्याला एका नांदत्या घरात धाडलं आणि चार माणसांच्या पंगतीत बसवलं.

आपल्या मंडळींत एक बोलणं सर्रास ऐकू येतं, 'सेवा कमी पडली असेल.' कांद्याचे भाव पडले, एमआयडीसीतल्या पोराचं कंत्राट संपलं, घरातलं माणूस गेलं; आधीच मन खाली, त्यात हा शेरा. तेरावा अध्याय वाचणाऱ्याने तरी तो मारू नये. मन उतरणं ही भक्तीतली तूट नाही.

चौथी गोष्ट सायंदेवाची. ब्राह्मणाला जेवू घातलं, श्रीगुरूंची पूजा केली, आणि मग चौदाव्या अध्यायात तो स्वतःचं सांगतो. ज्या क्रूर अधिपतीच्या चाकरीत तो होता, त्याने त्याच दिवशी त्याला बोलावलेलं असतं. गेलो की जीव जाणार, हे त्याला ठाऊक असतं. म्हणजे दुसऱ्याला ताट वाढणाऱ्या त्या हातांवर स्वतःच्याच मरणाचं सावट होतं! चौदाव्यातलं ते अभय आपण रोज मागतो, पण त्या अभयाच्या आधी एका दुखणाइताला वाढलेलं ताट आहे, हे विसरतो.

माझ्या घरातलं एक सांगतो, नाहीतर हे सगळं पोथीपुरतंच राहील. बँकेतून निवृत्त झालो आणि दुसऱ्याच वर्षी आमची ही गेली. दिवसकार्य झालं, पाहुणे पांगले, आणि घरात दुपार सरता सरेना. माझी थोरली बहीण, आक्का, दौंडला असते. तिने मला एका शब्दाने उपदेश केला नाही. रोज सकाळी सातला फोन. 'उठलास का? चहा टाकलास का? जेवायला काय करणार आहेस?' एवढं विचारायचं आणि ठेवून द्यायचं. महिन्यातून दोन गुरुवार ती एसटीने शिरूरला यायची, डब्यात बाजरीची भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मला नुसतं वाढून ती कधी उभी राहिली नाही, स्वतःचं ताट शेजारी मांडायची. त्याच महिन्यांत तिच्या मुलाची नोकरी सुटली होती, हे मला फार उशिरा कळलं. आमच्या घरची सायंदेव तीच.

सातच्या त्या फोनमागे शास्त्रही आहे. आपल्याला वाटतं, मन प्रसन्न झालं की कामाला लागू. खचलेल्या मनाचं उलट असतं. काम थांबतं म्हणून मन आणखी उतरतं, आणि मन उतरतं म्हणून काम आणखी थांबतं. अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ पीटर लेविनसोन यांनी १९७०च्या दशकात या फेऱ्यावर काम केलं. त्यातून जी उपचारपद्धत वाढली तिला 'बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन' म्हणतात. सार असं, मनाची वाट पाहू नका. आधी हातपाय हलवा, मन मागून येईल.

मी आयुष्यभर नोंदी करत आलो, म्हणून मला जमली ती रीत सांगतो. एक साधी वही घ्यावी. रोजकीर्दीसारखी रोज रात्री तीनच नोंदी करायच्या.

१) हातांचं एक काम. तुळशीला पाणी, मेथी निवडणं, एक कपाट आवरणं, सायकलला तेल. लहान असावं, पण पूर्ण झालेलं असावं.

२) माणसाशी एक बोलणं. फोन चालेल, ओट्यावरच्या गप्पा चालतील, भाजीवाल्या मावशींची विचारपूसही चालेल.

३) देवाजवळची पाच मिनिटं. सप्ताह झेपत नसेल तर पाच ओव्या मोठ्याने वाचाव्यात. मोठ्याने वाचताना श्वास आपोआप लांबतो आणि डोक्यातली घरघर थोडी कमी होते.

प्रत्येक नोंदीपुढे कसं वाटलं याला दहापैकी गुण द्यावेत. दोन आले तर दोन लिहावेत. शिल्लक फुगवून लिहायची नाही. पंधरा दिवसांनी पानं चाळली की कशाने मन वर येतं ते आपल्याच अक्षरात दिसतं. कोणाला घोड नदीकडची सकाळची फेरी मानवते, कोणाला भजनातला टाळ, कोणाला नातवाचा अभ्यास. जे मानवतं ते वाढवावं.

याच्या जोडीला तीन पथ्यं. झोप लागो न लागो, सकाळी ठरल्या वेळी उठावं आणि अर्धा तास उजेडात चालावं. जेवणाची वेळ चुकवू नये. मन खचलेल्या माणसाने, त्यातून साखर किंवा रक्तदाबाची गोळी चालू असेल तर, कडक उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय धरू नयेत. आणि दुःखावर उतारा म्हणून दारू तर नकोच. रात्र ढकलली जाते, पण झोप मोडते आणि दुसरा दिवस आणखी खाली नेते.

एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. हे साधे उपाय साध्या उतरत्या मनासाठी आहेत. दोन आठवड्यांहून जास्त दिवस रोजच उदास वाटत असेल, कशातच गोडी उरली नसेल, झोप आणि भूक बिघडली असेल, तर डॉक्टरांना दाखवावं. जीव नकोसा झाला असेल तर एक दिवसही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेलिमानस' ही सेवा १० ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे. क्रमांक १४४१६. दिवसरात्र, विनामूल्य, मराठीतून बोलता येतं. गोळ्या घेतल्या म्हणजे श्रद्धा ढळली, असं कोणी मानू नये. श्रीगुरूंनी त्या ब्राह्मणाला दिलेल्या अन्नाला औषधच म्हटलं होतं. ते अन्न कोणाला द्यायचं, हे त्यांना कळत होतं; आपल्याला ते डॉक्टरांना विचारावं लागतं, एवढाच फरक.

आपली घोड भीमेला मिळते आणि दौंडच्या कडेने वाहणारी भीमा पुढे गाणगापूरला अमरजेला भेटते. दौंडहून गाणगापूरची गाडी धरणारे आपल्यात पुष्कळ आहेत. सायंदेवही पुढे श्रीगुरूंना शोधत गाणगापूरलाच गेला आणि तिथे सेवेला राहिला. त्याच्या सेवेची सुरुवात मात्र एका दुखणाइताला स्वतःच्या घरी जेवायला नेण्यापासून झाली होती.

सप्ताह उठतो, मांडव सुटतो, आणि ज्याच्या घरी कोणी नाही त्याला दुसरा दिवस फार जड जातो. म्हणून यंदा महाप्रसादाच्या पंगतीत कोण कडेला, खाली मान घालून बसलं आहे ते पाहावं. आपलं ताट त्याच्या शेजारी मांडावं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी सातला त्याला एक फोन करावा, 'चहा टाकलात का?'

अवधूत चिंतन श्रीगुरुदेव दत्त!