शंभरातली एक गिटार घेण्याआधी

गिटारवरचं चित्र कुणाच्या हातचं आहे, हे आधी लाकडाला विचारावं, विकणाऱ्याला नंतर. कळमनुरीसारख्या गावात राहून ऑर्केस्ट्रात गिटार धरणाऱ्या, भीमजयंतीचे आणि गणपतीचे कार्यक्रम करणाऱ्या पोरांसाठी मी हे लिहितोय. चांगली गिटार हाताळून बघायची तर आपल्याला नांदेड नाहीतर त्याहून लांब जावं लागतं. म्हणून खरेदी मोबाइलवर फोटो बघून होते, पैसे आधी जातात आणि वाद्य मागून येतं.

माझ्या भाच्याने हळदीच्या पैशातून अशीच एक इलेक्ट्रिक गिटार मागवली. एका परदेशी वादकाने स्वतः काढलेल्या चित्राची ही मर्यादित आवृत्ती, जगात शंभरच निघाल्या, त्यातलीच ही एक, असं विकणाऱ्याने सांगितलं होतं. पार्सल घेऊन पोरगा सरळ माझ्याकडे आला. “मामा, आधी तुम्ही वाजवून बघा,” म्हणाला. वाजवण्याआधी मी ती उजेडात आडवी धरली आणि चित्रावरून नख फिरवलं. वाजवताना हात टेकतो त्या जागी चित्राची कड उचललेली होती. पिकगार्डचे स्क्रू काढले तर आतल्या खाचेत प्लायवूडचे थर मोजता येत होते. नेकचे चार बोल्ट सोडवले, तर खोबणीत ताज्या स्प्रेचा वास. चित्र म्हणजे रेडियमचं काम होतं. बसस्टँडजवळ ट्रॅक्टर-मोटारसायकलींवर नावं आणि वाघ चिकटवून देतात, अगदी तसलं. त्यावर गाडीला मारतात तो क्लिअर कोट. अनुक्रमांक मार्करने लिहिलेला. विकणाऱ्याचा फोन त्या दिवसापासून बंद. पोराच्या कष्टाचा पैसा गेला याचा मला आजही संताप आहे.

चित्र छान होतं म्हणून तो भुलला, असं नाही. वादकाने स्वतः रंगवलेली गिटार ही गोष्टच मोहात पाडणारी आहे. बीटल्सचे गिटारवादक जॉर्ज हॅरिसन १९६६ च्या सप्टेंबरमध्ये रविशंकरांकडे सतार शिकायला मुंबईत आले होते. पुढच्याच वर्षी त्यांनी आपली फिकट निळी स्ट्रॅटोकास्टर घरी बसून भडक, चमकत्या रंगांनी रंगवून काढली. हेडस्टॉकसाठी पत्नीचं नेलपॉलिशसुद्धा वापरलं. गिटारचं नाव ठेवलं ‘रॉकी’. २५ जून १९६७ ला उपग्रहावरून देशोदेशी दाखवलेल्या कार्यक्रमात ती लोकांनी पाहिली. फेंडर कंपनीने तिच्या प्रतिकृती काढल्या २०२० साली, त्यातली कस्टम शॉपची आवृत्ती शंभर नगांची. आता नीट विचार करा. हॅरिसन २००१ मध्ये वारले. म्हणजे त्या शंभर गिटारींवर त्यांचं चित्र आहे, पण त्यांचा हात एकीवरही फिरलेला नाही. यात फसवणूक काही नाही, कंपनी तसं उघड सांगते. रॉक गिटारवादक एडी व्हॅन हॅलेन यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या ‘फ्रँकेनस्टाइन’चंही तेच. मूळ गिटार त्यांनी चिकटपट्ट्या लावून, रंग मारून स्वतः घडवली. २००७ मध्ये तिच्या तीनशे प्रतिकृती निघाल्या, एकेकीची किंमत पंचवीस हजार डॉलर, पण त्या कारखान्यातल्या कारागिरांनी बनवलेल्या.

म्हणून विकणाऱ्याला पहिला प्रश्न हाच करायचा: वादकाने ही गिटार स्वतः रंगवली, कारखान्यातल्या कारागिराने त्याचं चित्र हाताने उतरवलं, की चित्र छापून वर लाखेचा थर दिला? तिन्ही गोष्टी कायदेशीर असू शकतात. किमतीत जमीन-अस्मानाचा फरक असतो. उत्तर गुळमुळीत आलं तर तिथेच थांबा.

उत्तर आलं तर ते पडताळता येतं. साधं भिंग घ्या. छापील चित्रात बारीक ठिपके दिसतात, ब्रशच्या कामात फटकारे आणि रंगाची जाडी. हाताने रंगवलेले दोन नग कधीच हुबेहूब सारखे नसतात, तेव्हा जाहिरातीतला फोटो आणि तुम्हाला पाठवलेला फोटो रेषेला रेष जुळत असेल, तर एकतर चित्र छापील आहे, नाहीतर फोटो दुसऱ्याच गिटारचा आहे. पिकगार्ड काढून आतले फोटो मागा. नेक काढून खोबणीचा फोटो मागा, कारण कारखान्याच्या खुणा, शिक्के, तारखा बहुधा तिथेच असतात आणि नकली माल बनवणारा तिथवर मेहनत घेत नाही. आवाज कमी-जास्त करायच्या पॉटवरचे आकडेही बोलतात: अमेरिकी बनावटीच्या पुष्कळ गिटारींत १३७ ने सुरू होणारा आकडा सीटीएस या कंपनीचा असतो, पुढचे अंक वर्ष आणि आठवडा सांगतात. १३७७६३३ म्हणजे १९७६ चा तेहतिसावा आठवडा. गिटार १९७० ची म्हणून विकायला आली आणि पॉट १९७६ चा निघाला, तर निदान तो पॉट तरी नंतर बसवलेला आहे, आणि तसं का हे विकणाऱ्याने सांगायला हवं.

“एवढं उघडून दाखवणार नाही, वाद्य खराब होतं,” असं सांगणारे भेटतात. चार बोल्ट सोडवून जाणकाराने परत बसवले तर बोल्टच्या नेकचं काही बिघडत नाही.

कागदांचं म्हणाल तर प्रमाणपत्राच्या रंगीत कागदावर फार विसंबू नका, तो कुणीही छापतो. सिरीयल नंबर थेट कंपनीला कळवून तो कुठल्या मॉडेलचा आहे ते विचारा. गिटार परदेशातून आणलेली असेल तर आयात शुल्क भरल्याची कागदपत्रं मागा. पार्सल फोडताना पहिल्या चिकटपट्टीपासून व्हिडिओ काढा, मध्ये कुठेही न थांबवता. आणि फसलातच, तर लाजून घरात बसू नका. १९३० या सायबर मदत क्रमांकावर त्याच दिवशी तक्रार द्या. पैसे पुढच्या खात्यात सरकण्याआधी अडवता आले तर तेवढ्याच घाईत येतात. माल दुकानदाराचा किंवा व्यापारी कंपनीचा असेल तर २०१९ च्या ग्राहक कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते, विक्रेता मुंबईचा असो की दिल्लीचा. एखाद्याने आपली जुनी वस्तू तुम्हाला विकली असेल तर मात्र तो मार्ग सहसा चालत नाही, पोलिसांकडेच जावं लागतं. भाच्याचं तेच झालं.

विश्वासाचा व्यवहार कसा दिसतो, हे बघायला फार लांब जायला नको. गोव्याचे गायक रेमो फर्नांडिस मुंबईच्या जे. जे. मध्ये वास्तुकला शिकलेले; १९८४ मध्ये त्यांनी ‘गोअन क्रेझी’ ही कॅसेट घरीच रेकॉर्ड केली, कव्हर स्वतः सजवलं आणि पिवळ्या स्कूटरवरून गोव्यातल्या दुकानांत स्वतः पोचवली. चित्र त्यांचंच का, असा प्रश्न तिथे उभा राहायला जागाच नव्हती. मिरजेतही आजवर असंच चालत आलं: दीडशेहून अधिक वर्षं सतार-तंबोरे घडवणारी घराणी, भोपळ्यावरची वेलबुट्टी कुणाची आहे ते सांगू शकणारे कारागीर. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. सजवलेलं, नावाजलेलं वाद्य घ्यायची हौस असेल, तर मिरजेला जाऊन, बनवणाऱ्यासमोर बसून घेता येतं, हे आपल्या पोरांनी लक्षात ठेवावं असं मला मनापासून वाटतं.

आणि इलेक्ट्रिक गिटारच हवी, चित्रासकट हवी, तर साधी चांगली गिटार घ्या आणि चित्र स्वतः काढा. हॅरिसन यांनी तेच केलं होतं. तारा, पिकअप, ब्रिज काढून ठेवा. जुन्या पॉलिशवर बारीक पॉलिश पेपर हलका फिरवा, ॲक्रिलिक रंगाचे पातळ हात द्या, प्रत्येक हात पूर्ण वाळू द्या आणि शेवटी क्लिअर स्प्रे मारा. नेकची मागची बाजू, फ्रेटबोर्ड आणि नेक बसते ती खोबण यांना रंग लावू नका. खोबणीत रंगाचा थर साचला तर नेकचा कोन बदलतो आणि तारा उंच होतात. घरातला ऑइल पेंट टाळा, तो मऊ राहतो आणि हाताच्या घामाला चिकटतो. मे महिन्यात हे काम पत्र्याखाली करू नका, उन्हाच्या तापाने रंगाला फोड येतात. आमच्या भागात पाऊस सरल्यावर, दिवाळीच्या आसपासची हवा याला चांगली. भाच्याने ती फसवी गिटार तेव्हाच घासायला घेतली आणि रेडियम ओरबाडून काढलं. प्लायवूडची असली तरी पिकअप बदलल्यावर ती बरी वाजते, आणि तिच्यावर काय काढायचं ते अजून त्याचं ठरायचं आहे.