परसबागेतील झेंडू आणि त्याची छायाचित्रे

फुलांची छायाचित्रे म्हटली की सातारा जिल्ह्यात प्रथम कासचे पठार आठवते. कातळावरील मातीच्या पातळ थरात, भरपूर पावसावर, ऑगस्ट ते ऑक्टोबर या काळात तेथे रानफुले बहरतात. २०१२ साली पश्चिम घाटातील इतर स्थळांबरोबर कासचा समावेश जागतिक वारशात झाला. तेथील सीतेची आसवे किंवा गेंद उपटून परसात लावण्याचा मोह टाळावा. ही झाडे पाणथळ व निकस मातीतली आहेत; खतावलेल्या वाफ्यात ती टिकत नाहीत. कासला केवळ छायाचित्र घ्यावे आणि परसात झेंडू लावावा. घरच्या झेंडूचे छायाचित्र शोभेखेरीज आणखी एका कामी येते. ते म्हणजे रोगाची ओळख.

लागवड : दसऱ्याला फुले हवी असल्यास सुमारे तीन महिने आधी बी टाकावे. रोपे २५ ते ३० दिवसांची झाली म्हणजे सायंकाळी लावावीत. पाटण, जावळी व शिराळा या पावसाच्या भागात, तसेच कृष्णाकाठच्या भारी काळ्या जमिनीत, पाणी साचून मुळे कुजतात. यास्तव तेथे १५ सेंटिमीटर उंचीचे गादीवाफे करून चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. आफ्रिकन झेंडूच्या दोन रोपांत सुमारे ४५ सेंटिमीटर अंतर ठेवावे. लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांनी शेंडा खुडल्यास फांद्या वाढतात. मात्र फुले थोडी उशिरा येतात.

फुलाचे छायाचित्र : भ्रमणध्वनीचा कॅमेराही पुरेसा आहे. प्रथम त्याची काच मऊ फडक्याने पुसावी. सकाळचे कोवळे ऊन किंवा विरळ ढगांचा प्रकाश उत्तम. भर दुपारी पिवळ्या-केशरी पाकळ्या पांढुरक्या दिसतात व त्यांतील बारकावे हरवतात. फुलाच्या उंचीवर बसावे, मागे गडद कापड धरावे आणि पडद्यावर फुलाच्या जागी बोट टेकवून प्रतिमा स्पष्ट झाल्यावरच छायाचित्र घ्यावे.

रोगाचे छायाचित्र : पाने पिवळी पडली म्हणजे पुष्कळदा केवळ वरच्या बाजूचे, तेही दुरून, छायाचित्र काढून सल्ला विचारला जातो. त्यावरून निदान करणे कठीण असते. माण, खटाव, आटपाडी व जत या कोरड्या भागात लाल कोळी पानाच्या खालच्या बाजूस राहून रस शोषतो. पानावर बारीक फिकट ठिपके पडतात व खाली बारीक जाळी दिसते. पावसाळी, दमट हवेत मात्र बुरशीमुळे करपा पडून पानांवर तपकिरी डाग येतात. कोळी हा कीटक नव्हे, बुरशीही नव्हे; त्यावर भलतेच औषध मारल्यास पैसा जातो आणि झाडही जाते.

म्हणून प्रत्येक वेळी चार छायाचित्रे घ्यावीत : संपूर्ण झाड, रोगट फांदी, पानाची वरची बाजू आणि पानाची खालची बाजू. आकार कळावा यासाठी पानाशेजारी एक नाणे ठेवावे. लागवडीची तारीख, मागील आठवड्यातील पाऊस आणि केलेली फवारणी ही माहिती सोबत लिहावी.

कोळी आढळल्यास आरंभी पानांची खालची बाजू पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवावी. करपा असल्यास रोगट पाने काढून नष्ट करावीत, पाणी पानांवर न टाकता बुंध्याशी द्यावे आणि झाडांत हवा खेळती ठेवावी. यानंतरही रोग वाढल्यास सल्ल्यानेच औषध वापरावे.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी गावातील एक वाफा निवडून त्यातील एकाच झाडाचे, एकाच जागेवरून, दर आठवड्यास छायाचित्र घ्यावे. बी केव्हा टाकले, कळी केव्हा धरली व पहिले फूल केव्हा उमलले, हे त्यावरून तारखेनिशी कळेल. पुढील वर्षी त्या गावात दसऱ्यासाठी बी केव्हा टाकावे, हे ठरविण्यास हीच नोंद आधार होईल.